दहावीनंतर जपानच्या शाळेत: कोकणातल्या घरानं वर्षभर आधीपासून करायची तयारी

जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. आपली दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे-जूनच्या आसपास आणि अकरावीचे प्रवेश त्याच्याही पुढे. ही दोन वेळापत्रकं एकमेकांत कुठेच नीट बसत नाहीत. बॅग, स्वेटर, भाषेचा क्लास हे सगळं नंतर. आधी कॅलेंडर घेऊन बसा आणि मुलाचं कोणतं वर्ष कुठे जाणार ते कागदावर लिहून काढा.

तिथल्या हायस्कूलला कोको म्हणतात. तीन वर्षं, वय साधारण १५ ते १८. सक्तीचं शिक्षण त्याआधीच, नववीला संपतं. त्यामुळे कोकोत मुलं प्रवेशपरीक्षा देऊन येतात आणि अभ्यास झाला नाही तर त्याच वर्गात राहूही शकतात.

रस्ता कोणता

रस्ते दोन. पहिला एक्स्चेंजचा. एएफएस किंवा रोटरी युथ एक्स्चेंज अशा संस्थेमार्फत काही महिने ते एक वर्ष जपानी कुटुंबात राहायचं आणि तिथल्याच साध्या शाळेत बसायचं. रोटरीसाठी गावातल्या क्लबनं नाव पुढे पाठवावं लागतं आणि बदल्यात तिकडचं मूल आपल्या घरी ठेवून घेण्याची तयारी अनेकदा धरलेली असते. घरात जागा आहे का आणि आजी-आजोबांना ते चालणार आहे का, हे अर्ज भरण्याआधी बोलून घ्या. निवडीचं काम निघण्याच्या बरंच आधी सुरू होतं, म्हणून चौकशी नववीच्या शेवटालाच करायची.

दुसरा रस्ता पूर्ण तीन वर्षांचा. साध्या जपानी शाळेत जायचं तर प्रवेशपरीक्षा जपानीतून, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. शिवाय हायस्कूलच्या विद्यार्थी व्हिसासाठी वय २० किंवा त्याहून कमी आणि निदान एक वर्ष जपानी भाषेचं किंवा जपानीतून शिक्षण झालेलं असावं, असा नियम आहे. सरकारी किंवा शाळांच्या एक्स्चेंज योजनेतून जाणाऱ्यांना यातून सूट असते. इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळा मोजक्या. नागानो प्रांतातल्या कारुइझावाची यूडब्ल्यूसी आयसॅक जपान ही त्यातली एक, निवासी, आणि तिथे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवतात.

मराठी किंवा सेमी-इंग्रजीत दहावी झालेल्या मुलासाठी पहिला रस्ता बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांच्या रस्त्यात कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं), गणित आणि एकटेपणा तिन्ही एकदम अंगावर येतात.

मात्र एक्स्चेंजचं वर्ष बारावीच्या हिशेबात शून्य धरूनच निघा. तिथून हजेरीचा दाखला मिळतो, पदवी नाही. परत आल्यावर अकरावीला बसायचं तर मधल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्यामुळे ‘सर ओळखीचे आहेत, बघू’ यावर विसंबता येत नाही. आधी प्रवेश घेऊन मग रजा मागायची असेल तर ७५ टक्के हजेरीचा नियम आडवा येतो. ज्युनियर कॉलेजच्या प्राचार्यांचं उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘हो’ वर्षभरानं कुणाला आठवत नाही.

कागद

पासपोर्टपासून सुरुवात. १८ वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचाच निघतो. पण वय १५ ते १८ असेल तर दहा वर्षांचा मागता येतो. तोच मागा, नाहीतर परदेशात असतानाच मुदत संपते. आईवडिलांच्या संमतीसाठी परिशिष्ट ‘ड’ भरावं लागतं. अडतं ते बहुतेक वेळा स्पेलिंगवर. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत बाळाचं नावच नाही किंवा फक्त मराठीत आहे, शाळेच्या दाखल्यावर वेगळं इंग्रजी स्पेलिंग आणि आधारवर तिसरंच, असे प्रकार सर्रास. ते जुळवायला दोन महिने धरून ठेवा.

मग नावाचं जपानी रूप. तिथे परदेशी नावं कताकाना लिपीत लिहितात. त्यात ‘ल’ आणि ‘र’ एकच, आणि ‘न’ सोडला तर शेवटी मोकळं व्यंजन बसत नाही. त्यामुळे ‘मालवणकर’चं ‘मारुवान्कारु’सारखं काहीतरी होतं. सगळ्या ‘कर’ मंडळींचा ‘कारु’ होणार, हे घरात आधीच हसून घ्या. पण एकदा ठरवलेलं रूप शाळा, विमा आणि दवाखाना सगळीकडे अक्षर न बदलता तेच वापरा. आणि आडनाव आधी.

व्हिसाआधी पात्रता प्रमाणपत्र लागतं. ते तुम्ही इथून काढत नाही. जपानमधली शाळा किंवा संस्था तिथल्या इमिग्रेशनकडे अर्ज करते आणि एक ते तीन महिने लागतात. ते हल्ली ईमेलवरही येतं. प्रमाणपत्राच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत मुलानं जपानमध्ये पाय ठेवायला हवा, म्हणून तिकीट त्याच्याशी जुळवा. महाराष्ट्रातल्या लोकांचा व्हिसा मुंबईच्या जपानी वकिलातीच्या कक्षेत येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाहून फेऱ्या परवडत नाहीत. प्रत्येक कागदाच्या दोन छायाप्रती आणि चार जादा फोटो घेऊनच गाडीत बसा.

भाषा: मराठीचा फायदा कुठे, तोटा कुठे

जपानी वाक्याची बांधणी मराठीसारखीच. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’ म्हणजे ‘मी भात खातो’, त्याच क्रमानं. शब्दामागे लागणारे प्रत्यय आपल्या विभक्तीसारखे चालतात: ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत. मुलाला इंग्रजी पुस्तकातून जपानी शिकवलं की वाक्य दोनदा उलटं करावं लागतं. मराठीतून थेट समजावून दिलं तर ते एकदाही उलटावं लागत नाही. अक्षरांचा क्रमही ओळखीचा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिथे पोचला.

उच्चारातही आपल्याकडे एक दडलेली पुंजी आहे. जपानीतला ‘त्सु’ म्हणजे ‘चूल’मधला च. इंग्रजी माध्यमाची मुलं इथे अडखळतात, मराठी मुलाला फक्त ‘चूल म्हण’ एवढं सांगावं लागतं. पाण्याला ‘मिझु’ म्हणतात. त्यातला झु म्हणजे ‘जुना’तला जु.

तोटा देवनागरीत आहे. जपानीत स्वर किती वेळ ओढला यावर अर्थ बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. यजमान घरातल्या पंचेचाळिशीच्या बाईंना आजी म्हणून मोकळं व्हायला एक मात्रा पुरते. आपला ‘बा’ मुळातच दीर्घ दिसतो, त्यामुळे वहीत दोन्ही सारखेच भासतात. म्हणून हिरागाना आणि कताकाना या दोन्ही लिपी, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, रोज पाचच्या हिशेबानं, उजळणी धरून पहिल्या सहा आठवड्यांत पाठ करून घ्या आणि त्या दिवसापासून देवनागरीत जपानी लिहिणं बंद.

कोकणात समोर बसून शिकवणारे शिक्षक सहसा मिळत नाहीत. जपान फाउंडेशनचं ‘मिनातो’ हे ऑनलाइन शिक्षणाचं ठिकाण आहे, त्यावर स्वतः शिकायचे बरेच अभ्यासक्रम मोफत आहेत. जोडीला पुण्या-मुंबईच्या शिक्षकांकडून आठवड्याला दोन तास ऑनलाइन. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा, तिच्या पाच पायऱ्यांपैकी सर्वांत खालची एन-५. तिला साधारण शंभर कांजी आणि आठशे शब्द लागतात. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये, आणि मुंबई-पुण्यात केंद्रं आहेत. ध्येय म्हणून चांगली, पण त्या परीक्षेत बोलणं अजिबात नाही. एन-५ झालेलं मूल तोंड न उघडता वर्ष काढू शकतं, म्हणून रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं बोलणं हवंच.

एक मिनिटाची स्वतःची ओळख तोंडपाठ हवी: नाव, गाव, समुद्रकिनारा, घरात कोण कोण, काय आवडतं, शेवटी ‘योरोशिकु ओनेगाई शिमासु’. नव्या मुलाला वर्गात, कधी सगळ्या शाळेसमोर, ही ओळख करून द्यावी लागते. ‘माझं गाव मुंबईच्या दक्षिणेला, समुद्राकाठी आहे’ हे वाक्य बसवून घ्या. कोकण कुठे ते तिथे कुणाला ठाऊक नसतं.

सगळ्यात नुकसान करणारी सवय म्हणजे न समजता मान हलवणं. आपल्याकडे मोठ्यांसमोर ‘हो’ म्हणायला शिकवलेलं असतं आणि जपानीतला ‘हाई’ तर ‘ऐकतोय’ एवढाच असतो. मूल ‘हाई’ म्हणतं, समोरच्याला वाटतं कळलं, आणि दुसऱ्या दिवशी ते चुकीच्या स्टेशनवर उभं असतं. ‘वाकारिमासेन’ (समजलं नाही) आणि ‘मो इचिदो ओनेगाई शिमासु’ (पुन्हा एकदा सांगा) हे न लाजता म्हणायची सवय घरात मराठीतूनच लावा. महिनाभर मुद्दाम अर्धवट सूचना द्या. मुलानं उलट विचारल्याशिवाय काम पूर्ण होणार नाही अशा.

संबोधनाला मराठी मूल सरावलेलं असतं. तू, तुम्ही, आपण हा फरक त्याला कळतो, तसाच तिथे साधं आणि आदराचं बोलणं वेगळं. शिक्षकांना आडनाव आणि ‘सेन्सेई’, वरच्या वर्गातल्यांना ‘सेन्पाई’, बाकीच्यांना आडनाव आणि ‘सान’. स्वतःच्या नावाला ‘सान’ लावायचं नाही. समोरच्याला ‘आनाता’ (तुम्ही) म्हणणंही टाळा, पुस्तकात असलं तरी.

खाणं

अर्जातल्या ‘आहार’ या रकान्यावर पुढचे दहा महिने अवलंबून असतात, आणि लोक तिथे एक शब्द लिहून मोकळे होतात. ‘नॉनव्हेज’ लिहिलं की गाय, डुक्कर, ऑक्टोपस सगळं चालतं असा अर्थ निघतो. ‘व्हेज’ लिहिलं की भाजीचं सूप समोर येतं आणि त्यात कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा, अर्क असतो. हा दाशी नावाचा अर्क मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, भाज्या, सगळ्यांत. म्हणून ओळीनं लिहा: मासे चालतात, कोंबडी-अंडी चालतात, गाय नाही, डुक्कर नाही. किंवा: मासेही नाहीत, पण दाशी चालेल. पूर्ण शाकाहारी मुलानं दाशीबद्दल काय करायचं ते घरात आधी ठरवा. दाशीही नको असेल तर यजमान मिळायला वेळ लागतो हे धरून चाला. सोमवार, संकष्टी, श्रावण पाळणार का, तेही ठरलेलं हवं. तिथे जाऊन सकाळी सात वाजता, डबा भरून झाल्यावर ‘आज मासे नाही’ म्हणणं बरं दिसत नाही.

गाय-डुक्कर टाळणाऱ्यांसाठी छुप्या जागा: करीच्या वड्यांत बहुधा गायीची चरबी, ग्योझात डुक्कर, तोन्कोत्सु रामेनचा रस्सा डुकराच्या हाडांचा आणि ‘हाम्बागु’मध्ये दोन्हींचा खिमा. ‘ग्यू’ (गाय) आणि ‘बुता’ (डुक्कर) या दोन कांजी मुलानं पाकिटावर दोन सेकंदांत ओळखायला शिकावं. बाकीच्या कांजी मागाहून.

मासे खाणाऱ्या कोकणी मुलाची मात्र निम्मी लढाई घरीच जिंकलेली असते. सबा म्हणजे बांगड्याच्या जातकुळीतला मासा, मीठ लावून भाजलेला. इवाशी तारलीच्या घरातली, सवारा सुरमईचा सख्खा भाऊ, इका म्हणजे माकूल, एबी म्हणजे कोलंबी, आसारीचं मिसो सूप म्हणजे तिसऱ्यांचं सार समजा. आणि तिथलं सान्शो हे आपल्या तिरफळाच्याच वंशाचं झाड आहे. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ खाल्लेल्या जिभेला ते पहिल्या घासात ओळखू येतं. नसतं ते तिखट आणि नारळ. पहिल्या महिन्यात सगळं गोडसर, अळणी वाटतं. निघण्याआधी आठवड्यातून दोन दिवस बिनतिखटाचं जेवण करून बघा.

भात चिकट, आखूड दाण्याचा. उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या मुलाला तो पहिल्यांदा गिच्च वाटतो. चॉपस्टिकचा सराव भाजलेल्या शेंगदाण्यांवर करा: एका वाटीतून दुसरीत वीस दाणे, रोज, तीन आठवडे. दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, तो मृताला दाखवायचा भात. आपल्याकडे पिंडाचं जे स्थान, तेच. आणि काडीवरून काडीवर घास द्यायचा नाही, कारण अंत्यविधीत अस्थी तशा उचलतात.

हायस्कूलमध्ये बहुतेक ठिकाणी डबा न्यावा लागतो, शाळेचं जेवण खालच्या वर्गांना असतं. यजमान आई डबा देतात तेव्हा रिकामा डबा संध्याकाळी स्वतः धुऊन ठेवायचा. मुलाला राइस कुकर यायला हवा: त्याचं माप ‘गो’, १८० मिलीलिटरचं, आपला कप नव्हे. तीन वेळा तांदूळ धुणं, कुकरच्या आतल्या खुणेपर्यंत पाणी, लावण्याआधी अर्धा तास भिजवणं. जोडीला ऑम्लेट, एक भाजी आणि यजमानांना एकदा करून घालायला तळलेली कोलंबी आणि सोलकढी. नारळाचं दूध तिथे डब्यात मिळतं. मिरची मात्र अर्धी.

घर आणि न्हाणीघर

घरात शिरताना चपला गेन्कानमध्ये, म्हणजे दाराशी चपला काढायच्या जागेत, टोकं दाराकडे करून. आतल्या स्लिपर वेगळ्या, संडासातल्या आणखी वेगळ्या, आणि तातामी चटईवर कोणतीच नाही. संडासातली स्लिपर घालून दिवाणखान्यात येणं ही सगळ्याच नवख्यांची ठरलेली चूक.

न्हाण्याचा क्रम कडक असतो. टबाबाहेर स्टुलावर बसून साबण लावायचा, फेस पूर्ण धुवायचा, आणि मगच ४०-४२ अंशांच्या पाण्यात उतरायचं. त्या पाण्यात साबण नाही, टॉवेल नाही, आणि बाहेर आल्यावर बूच काढायचं नाही, कारण त्याच पाण्यात घरातले बाकीचे उतरणार असतात. आंघोळ रात्री. सकाळी तांब्यानं घळाघळा पाणी घेण्याची कोकणी सवय तिथे वेळेत आणि बिलात बसत नाही.

घरातून निघताना ‘इत्तेकिमासु’. शब्दशः ‘जाऊन येतो’. आपण ‘जातो’ म्हणत नाही, तसंच. परत आल्यावर ‘तादाइमा’. न बोलता खोलीत शिरणारं मूल रागावलंय असं समजलं जातं.

एवढं सगळं शिकवूनही ज्या मुलाचे कपडे आजवर आईनं धुतले आणि अंथरूण आजीनं काढलं, ते पहिल्या आठवड्यात अडकतं. तेव्हा वर्षभर आधीपासून चार कामं पूर्ण त्याच्यावर सोडा: गजर लावून स्वतः उठणं, स्वतःचे कपडे, स्वतःचा डबा, आठवड्याचा खर्च वहीत. विसरलं तर विसरू द्या, मागून जाऊन करू नका. घरच्यांना हेच सगळ्यात जड जातं.

शाळा

पाच मिनिटं आधी म्हणजे वेळेवर. ट्रेन उशिरा आली तर स्टेशनवरून उशिराचा छापील दाखला मिळतो, तो घेऊन वर्गात द्यायचा. तास ५० मिनिटांचे, दिवसाला सहा-सात. शाळेत आतले बूट, उवाबाकी, वेगळे. रोज वर्ग आणि जिने मुलंच झाडतात-पुसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्याला यात नवल नाही, काही पालकांना मात्र वाटतं.

गणवेश जूनमध्ये उन्हाळी आणि ऑक्टोबरमध्ये हिवाळी. केस, नखं आणि दागिन्यांचे नियम लेखी असतात. आपल्या मुलींचे कान टोचलेले असतात, नाकात चमकी असते, आणि अनेक शाळांत कानातलं चालत नाही. मेंदी गोंदणासारखी दिसते, म्हणून निघण्याआधीच्या लग्नात हातभर मेंदी काढू देऊ नका. मनगटावरचा काळा दोरा, गंडा, कडं यांबद्दल संस्थेमार्फत आधी विचारा. धार्मिक कारण शांतपणे सांगितलं तर शाळा बरेचदा ऐकतात. न सांगता घालून गेलं तर नाही.

मैत्री वर्गात होत नाही, क्लबात होते. शाळा सुटल्यावर रोज दोन-तीन तास, अनेकदा शनिवारीही. पहिल्या दोन आठवड्यांत क्लब निवडायचा, आणि जिथे बोलण्यापेक्षा हात-पाय जास्त चालतात असा: व्हॉलीबॉल, टेबल टेनिस, शोदो (ब्रशनं सुलेखन), ब्रास बँड. मधेच सोडून देणं वाईट दिसतं, म्हणून आधी आठवडाभर बघून घेण्याची परवानगी मागावी.

सायकलवर छत्री धरणं आणि फोन बघणं दोन्ही बेकायदा. पावसात रेनकोट, जूनमध्ये त्सुयु नावाचा पाऊसकाळ असतो. आपल्या मृगापुढे तो भुरभुर वाटेल.

थंडी

रत्नागिरीत पारा १८वर आला की आपण कानटोपी काढतो. टोकियोत जानेवारीच्या पहाटे शून्याच्या आसपास असतो आणि होक्काइदोत उणे दहाच्याही खाली जातो. फसवणूक अशी की घर सगळं तापवलेलं नसतं. बसायची खोली ऊबदार, पण जिना, संडास आणि शाळेचा व्हरांडा बर्फासारखे. एक जाड कोट निरुपयोगी. तीन पातळ थर हवेत, चढवता-उतरवता येणारे. कोट आणि थर्मल इथे घेऊ नका. मुंबईत महाग आणि तिथल्या थंडीला अपुरे मिळतात. जपानमध्ये सीझनला ते रास्त भावात मिळतात. त्यासाठी पैसे बाजूला ठेवा. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये पोचणाऱ्यासाठी मात्र एक स्वेटर आणि जाकीट हातातल्या बॅगेत हवंच.

उष्णतेच्या छोट्या पुड्या, कायरो, थेट कातडीवर चिकटवून झोपल्या तर हळूहळू भाजतं आणि कळतही नाही. नेहमी कपड्यावरून.

हादरा आणि समुद्र

भूकंपाची तीव्रता तिथे शिंदो मापानं सांगतात, ० ते ७. तीन-चारचे हादरे वर्षात कधीतरी बसतातच. टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं, टेबलाचे पाय धरून राहायचं, हादरा थांबल्यावर दार उघडायचं. शाळेत सराव होतो, तेव्हा हसत बसायचं नाही.

किनाऱ्यावरच्या मुलाला वेगळं सांगावं लागतं, कारण समुद्राची त्याला भीती नसते. उधाण बघायला आपण धक्क्यावर जातो, ओहोटीला खडकात कालवं काढायला जातो. जपानी किनाऱ्यावर जोरात किंवा बराच वेळ हललं, अथवा पाणी अचानक मागे गेलं, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर धावायचं. मोबाइल, सायकल, सोबती कशासाठीही मागे फिरायचं नाही. ईशान्य जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर याला ‘त्सुनामी तेन्देन्को’ म्हणतात: ज्यानं त्यानं आपापलं पळायचं. ११ मार्च २०११च्या त्सुनामीनंतर हा शब्द देशभर शिकवला जातो. घरच्यांनीही ठरवून घ्या की हादऱ्याच्या बातमीनंतर फोनवर फोन करायचे नाहीत. मूल एक संदेश पाठवेल, तेवढा पुरे. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९. फोनवर ‘सेफ्टी टिप्स’ हे अ‍ॅप आधीच घालून ठेवा. इंग्रजीत इशारे देतं.

औषधं, पैसे, फोन

औषधांच्या बाबतीत जपान कडक आहे. डॉक्टरनं लिहिलेलं औषध एक महिन्यापुरतं, दुकानातलं साधं दोन महिन्यांपुरतं. जास्त न्यायचं तर आधी आयात परवाना लागतो. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं तर ते औषध असंच नेता येत नाही, आणि खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधांवरही निर्बंध आहेत. लक्ष एकाग्र होण्यासाठीची अ‍ॅम्फेटामीनची औषधं तर डॉक्टरची चिठ्ठी असली तरी बेकायदा. केमिस्टनं सुट्या पुडीत बांधून दिलेलं काही नेऊ नका. मूळ पट्टी आणि इंग्रजीतली चिठ्ठी हवी. दातांची कामं इथेच उरका, प्रवासविमा सहसा दात धरत नाही. चष्मा दोन.

तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्याला तिथला राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावा लागतो. दवाखान्यात ३० टक्के आपण भरायचे.

वीज १०० व्होल्टची, दोन चपट्या पिनांची. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात. अल्पवयीन मुलाला स्वतःच्या नावानं सिम मिळायला पालकाची सही लागते, म्हणून पहिल्या दिवसांसाठी ई-सिम इथूनच. बँकेचे ओटीपी येणारा नंबर पालकांच्या फोनवर ठेवा. पैसे परदेशात चालणाऱ्या कार्डावर, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून निघतात. सोबत थोडे रोख येन.

जपान आपल्या साडेतीन तास पुढे. इथे संध्याकाळी साडेसहाला दिवा लावून फोन करायला बसाल तेव्हा तिथे रात्रीचे दहा वाजलेले असतात. आठवड्यातून एकदा, रविवारी, ठरलेल्या वेळी. रोज व्हिडिओ कॉल करणारं मूल देहानं जपानमध्ये आणि मनानं ओटीवर राहतं, आणि त्याची जपानी तिथेच थांबते. गणपतीत मात्र आरतीच्या वेळी फोन लावा. ऑगस्टमध्ये गेलेल्याला पहिला जोरदार हुंदका तेव्हाच येतो. दुसरा डिसेंबरमध्ये, जेव्हा टोकियोत साडेचारलाच अंधार होतो.

बॅग आणि निघणं

हापूस नेता येत नाही. ताजी फळं-भाज्यांना निर्यातदार देशाचं प्रमाणपत्र लागतं, आणि हापूस तर खास वाफेची प्रक्रिया करूनच तिथे पोचतो. कढीपत्त्याच्या जुड्या, तांदूळ, मांसाचे कोणतेही पदार्थ घरीच ठेवा. मांस सापडलं तर दंडापर्यंत जातं. सीलबंद पाकिटातला मसाला, आंबापोळी, भाजलेले काजू, आमसुलं चालण्यासारखी. स्टीलच्या डब्यातला घरचा मसाला तपासनीसाला समजावून सांगायला मुलाला जपानी पुरत नाही. आगळाची बाटली बॅगेत फुटली तर गणवेशाखालचे पांढरे शर्ट कायमचे गेले. विमानतळावरच्या जाहीरपत्रकात जे नेलं ते सगळं लिहायचं.

भेटी लहान, पण गुंडाळलेल्या: सावंतवाडीची लाकडी फळं, गंजिफाचा एखादा पत्ता, काजूची पाकिटं. दोन्ही हातांनी द्यायच्या. चार नग कधीच नाहीत. चारला ‘शि’ म्हणतात, आणि मृत्यूलाही.

पावसाळ्यात निघायचं असेल तर मुंबई दोन दिवस आधी गाठा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं, गाड्या सावकाश, आणि दरड कोसळली तर महामार्गाचाही भरवसा नाही. पासपोर्ट, पात्रता प्रमाणपत्र, शाळेचं पत्र आणि यजमानांचा पत्ता जपानीत छापलेला, हे हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत एकही मूळ कागद नको.

मोठ्या विमानतळांवर उतरताच रहिवासी कार्ड मिळतं. राहायचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत नगर कार्यालयात जाऊन तो त्यावर नोंदवायचा. १६ पूर्ण झालेल्यानं कार्ड सतत जवळ बाळगायचं, शेजारच्या दुकानात जातानाही. सुट्टीत घरी यायचं झालं तर निघताना विमानतळावरच्या पत्रकात ‘परत येणार’ या चौकटीत खूण करायची, नाहीतर व्हिसाच संपतो. आणि मूल १६च्या आत असेल तर कार्डाची मुदत फार तर सोळाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंतच असते. त्याआधी ते नवं करून घ्यायचं. ही तारीख यजमानांना, संस्थेला आणि मुलाला, तिघांनाही लिहून द्या.